रविवारची खुर्ची

तुम्ही दोघं सुट्टीत यायचात तेव्हा सकाळचा पहिला चहा आजोबांच्या हातचा असायचा, हे तुम्हाला आठवत असेल. तो त्यांना कोणी शिकवला हे मी कधी सांगितलं नाही. मी शिकवला नव्हता, आणि त्यांच्या आईने तर नाहीच नाही. तो शिकवला आमच्या त्या गुजराती शहराच्या टोकाला, डिंडोलीच्या मराठी कामगारवस्तीत राहणाऱ्या एका बाईंनी. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, सोफ्याच्या कडेला बसल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "चहा तुमच्या हातचा असेल तर घेईन. नसेल तर पाणीही नको."

आजोबा तेव्हा कारखान्यात बॉयलर सांभाळत होते, पण साखरेचा डबा कोणता हे त्यांना माहीत नव्हतं. मी उठायला लागले तर बाईंनी माझ्या पदराला धरून खाली बसवलं. पाऊण तासाने चहा आला. फार वाईट होता. बाईंनी दोन कप घेतले आणि म्हणाल्या, "आलं शेवटी घालायचं नसतं, भाऊ. बाकी हात चांगला आहे."

डिंडोलीतल्या घराघरांत त्यांचा हाच नेम होता. पॉवरलूमवर पाळी करून आलेला माणूस बाईंची छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसली की मागच्या दाराने निघून जायचा. न पळणारे हळूहळू चहा करायला शिकले.

बाई महापालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या धुळ्याकडच्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "वेळ झाला नाही. तुम्हाला कसा काय झाला?" त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना स्वतःचं नाव छापून आलेलं आवडायचं नाही, आणि मी पुढे जे सांगणार आहे त्यात नावाची गरजही नाही.

त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, पण टीव्हीचं त्यांना वेड होतं. प्लेगची साथ येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. शहर घासूनपुसून स्वच्छ होत होतं, आणि डिंडोली-गोडादऱ्याच्या पत्र्यांवरून केबलच्या काळ्या तारा एका घरातून दुसऱ्या घरात चालल्या होत्या. बाई दुपारी कोणाच्याही घरात शिरायच्या, जमिनीवर मांडी घालायच्या आणि मालिकेतल्या माणसांशी बोलायला लागायच्या. सून देवघरासमोर रडत असली तर म्हणायच्या, "अगं, आधी गॅस बंद करून ये, मग रड." मुकुट घातलेली एखादी मुलगी जगातल्या सगळ्या स्त्रियांसाठी काही करणार असल्याचं इंग्रजीत सांगायला लागली की मला विचारायच्या, "काय म्हणते?" मी सांगितलं की मान हलवायच्या. "चांगली आहे पोरगी. रविवारी पाठव म्हणावं."

रविवार म्हणजे त्यांचा वर्ग. डिंडोलीतल्या एका खोलीत दुपारी दोन ते चार. तिथे यायच्या त्या बाजारातल्या साड्यांवर घरी बसून टिकल्या चिकटवणाऱ्या, लेस लावणाऱ्या बायका. बहुतेक खानदेशातल्या, दोघी-तिघी मराठवाड्यातल्या. वार रविवारच का, तर त्या दिवशी नवरे घरी असतात. "पोरं कोणी सांभाळायची हा प्रश्नच येत नाही," बाई म्हणायच्या. वर्गात वाचन व्हायचं, थोडा हिशेब व्हायचा, रेशनच्या अर्जापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत कागद कसे वाचायचे ते व्हायचं. एक नियम मात्र कडक. "आमचे हे म्हणतात" असं वाक्य कोणी सुरू केलं की बाई हात वर करायच्या. वाक्य पुन्हा सुरू करायचं, स्वतःपासून. मी एम.ए. इंग्रजी, नागपूरची, आणि पहिल्या दिवशी तीनदा पकडले गेले.

आणि तिथे एक खुर्ची होती. सागवानी, हातांची, पाठीला वेत. ती शाळेतली हेडमास्तरांची खुर्ची. बाईंना डावलून त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या सरांना त्या खुर्चीवर बसवलं होतं. पुढे शाळेने जुनं सामान विकायला काढलं तेव्हा बाईंनी ती विकत घेतली आणि भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर टाकून, स्वतः लारीमागे चालत, भर बाजारातून घरी आणली.

दर रविवारी एका बाईने त्या खुर्चीत दहा मिनिटं बसायचं. ती दहा मिनिटं तिला कोणी काही मागायचं नाही, सांगायचं नाही. तिला बोलायचं तर तिने बोलावं, गप्प बसायचं तर गप्प. पाणी हवं असेल तर दुसरीने आणून द्यायचं. एवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता. पण एक बाई त्या दहा मिनिटांत रडली, एक चक्क झोपली, आणि एकीने सासूची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवलं. लता नावाची एक मुलगी होती, तेविशीची, दोन मुलांची आई. तिची पाळी आली तेव्हा तिने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि अहिराणीत म्हणाली, "माले काही सांगनं नई. मी नुसती बठसू." मला काही सांगायचं नाही, मी नुसती बसणार. आणि बसली. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी तिथे कशी पोचले हेही सांगायला हवं. रिंग रोडवरच्या कापडबाजारात एका साडीवाल्या शेटच्या ऑफिसात मी इंग्रजी पत्रव्यवहार बघायची. एके दिवशी बाई साडीचा रिकामा खोका हातात धरून ऑफिसात आल्या. खोक्यावरच्या हसऱ्या बाईच्या फोटोवर बोट ठेवून विचारू लागल्या, "हिच्या साडीला टिकल्या कोणी लावल्या, हे हिला माहीत आहे का? नसेल तर पत्ता द्या, मी कळवते." शेट मला म्हणाले, "बेन, तमारी भाषानां छे, संभाळी लो." तुमच्या भाषेच्या आहेत, सांभाळून घ्या. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले आणि पुढच्या रविवारी डिंडोलीत होते. बाई मला 'इंग्रजीवाली' म्हणायच्या. त्या हाकेत चेष्टा होती आणि थोडा अभिमानही, असं मला तेव्हा वाटायचं.

शेटना केबलवर जाहिरात द्यायची होती. मुंबईहून जाहिरातवाले आले, त्यांनी एक गोष्ट दाखवली. नवी सून, नवी साडी, सासऱ्यांना वाकून नमस्कार. मी फाईल मिटली आणि म्हटलं, हे जुनं झालं. बाजार खुला झाला होता, परदेशी वाहिन्या आल्या होत्या, साबणापासून स्कूटरपर्यंत प्रत्येक वस्तू बाईला स्वातंत्र्य देत होती. आमची साडी मागे का राहावी? मी खुर्चीची कल्पना मांडली. घरातली बाई मोठ्या खुर्चीत बसते. सगळे तिला हाका मारतात. ती म्हणते, "आज मैं सिर्फ़ बैठूँगी." नवरा चहा आणून देतो.

शेटना एकच शंका होती. "बैरी बेसी जाय तो साडी क्यांथी देखाय?" बाई बसली तर साडी दिसणार कुठून? खरं होतं. मग पदर खुर्चीच्या हातावरून जमिनीपर्यंत पसरायचं ठरलं. दिसायला फार सुरेख झालं.

तुम्हाला वाटेल मी चोरी केली. मला तेव्हा तसं वाटलं नाही, आणि गंमत म्हणजे बाईंनाही वाटलं नाही. लताच्या घरी आम्ही दोघींनी ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली. बाई नेहमीप्रमाणे पडद्याशी बोलायला लागल्या. "बस, बस. उठू नकोस. दहा मिनिटं व्हायची आहेत अजून." मग माझ्याकडे वळल्या. डोळे ओले होते. "मला डिंडोलीच्या पुढे जाता आलं नसतं गं. तू घराघरांत नेलीस." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. ती अजून मला बोचते.

जाहिरात फार चालली. भाजीवाल्या एकमेकींना "आज मैं सिर्फ़ बैठूँगी" म्हणायला लागल्या. मग दिवाळी आली, आणि शेटच्या भावाचा प्लास्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना होता. जाहिरातीतल्या मालेतल्या तीन साड्या घ्या, हातांची खुर्ची भेट. ही कल्पना माझी नव्हती, पण पत्रक मी लिहिलं.

डिंडोलीतल्या बायकांना ती खुर्ची हवी होती. का नको असावी? घरात नवऱ्यासाठी खाट होती, पाहुण्यांसाठी स्टूल होतं, त्यांच्यासाठी जमीन होती. पण तीन साड्या घ्यायच्या तर जास्त टिकल्या चिकटवायला हव्यात. शेटकडून साड्यांचे गठ्ठे शनिवारी संध्याकाळी वाटले जायचे आणि सोमवारी सकाळी परत द्यावे लागायचे, कारण सोमवारी माल ट्रकवर चढायचा. पूर्वी बायका शनिवारचा गठ्ठा कधी घ्यायच्या, कधी सोडायच्या. आता सगळ्या घ्यायला लागल्या. रविवार गेला.

वर्गात अठरा जणी यायच्या त्या अकरा झाल्या, मग सहा. बाईंनी लताला विचारलं तर ती हसत म्हणाली, "बाई, आते खुर्ची घरमाच येई ऱ्हायनी. आठे कसाले येवानं?" आता खुर्ची घरातच येते आहे, इथे कशाला यायचं? चेष्टेत म्हणाली. पण आली नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. लाल खुर्ची दारासमोर होती आणि लता तीत बसली होती. मांडीवर साडी, शेजारी डिंकाची वाटी, टिकल्यांची डबी. "पाठ नई दुखस आते," ती म्हणाली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर साडी छान ताणून बसत होती. तिचा नवरा खाटेवरून बाईंना म्हणाला, "बाई, तिले खुर्ची दी टाकी. आते आजून काय पाह्यजे?"

"चहा," बाई म्हणाल्या. त्याने केला. बाई जमिनीवर बसून तो प्यायल्या आणि लताच्या हातांकडे बघत राहिल्या. बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या. मग म्हणाल्या, "तिची पाठ दुखत नाही हे चांगलंच आहे. त्याला मी वाईट कशी म्हणू?"

पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "तुझ्या शेटला एक पत्र लिहायचंय. इंग्रजीत लिही. मराठीत लिहिलं की चहा पाजतात आणि परत पाठवतात." मागणी एकच होती. जाहिरात बंद करा नाही, दर वाढवा नाही. गठ्ठे शनिवारी संध्याकाळी देता ते शुक्रवारी द्या, म्हणजे शनिवारपर्यंत काम संपेल आणि रविवार सुटेल. मी सुंदर पत्र लिहिलं. चार परिच्छेद, एकही खाडाखोड नाही. बाईंनी खाली मराठीत सही केली, सहा जणींनी केली. लताने अंगठा न देता सही केली. ती याच वर्गात शिकली होती.

बुधवारी ते पत्र माझ्याच टेबलावर आलं. शेटनी पाकीट हातात घेतलं, इंग्रजी दिसल्यावर माझ्याकडे सरकवलं. "बेन, जवाब आपी दो ने." उत्तर देऊन टाका. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ऑफिसात ते वाचू शकणारी मी एकटीच होते.

आता नीट वाचा, कारण मी हे कोणाला सांगितलेलं नाही. मी त्यांना पत्र वाचून दाखवायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. पण खाली ओळखीच्या बाईची सही, इंग्रजी माझं, आणि दोनच महिन्यांपूर्वी मला जाहिरात विभागाची प्रमुख केलं होतं. शेटना वाटेल मी दोन्ही बाजूंनी खेळते आहे, असं माझ्या मनात आलं. शिवाय कामाचा माणूस मालकाला प्रत्येक पत्र वाचून दाखवत बसत नाही, हीच माझी शिस्त होती. मी टाइपरायटर पुढे ओढला आणि उत्तर लिहिलं. आमच्याकडे काम करणाऱ्या भगिनी आपापल्या घरी, आपल्या सोयीने काम करतात. गठ्ठा घ्यावा की न घ्यावा हे ठरवण्यास त्या स्वतंत्र आहेत. त्यांच्या या स्वातंत्र्याचा आम्ही आदर करतो आणि त्यांच्यावर सुट्टी लादू इच्छित नाही. शेटनी खाली गुजरातीत सही केली.

त्या रविवारी बाईंनी ते उत्तर माझ्या हातात दिलं. "वाच. मराठीत सांग सगळ्यांना." माझं पत्र मी त्या खोलीत पाच बायकांसमोर मराठीत सांगितलं. 'स्वतंत्र' हा शब्दही सांगितला. एक जण मान डोलावून म्हणाली, "खरं शे ना बाई. आमले कोन जबरदस्ती करस?" आम्हाला कोण जबरदस्ती करतंय? दुसरी म्हणाली, "कागद चांगला आहे. आपल्याला भगिनी म्हटलंय."

बाईंनी सगळ्यांना जाऊ दिलं. मग म्हणाल्या, "हे तू लिहिलंस."

तीस वर्षं वह्या तपासलेली बाई. मी हो म्हटलं.

"शेटने सांगितलं तसं?"

"हो," मी म्हणाले.

"माझं पत्र त्याला वाचून दाखवलंस?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली. "मग मी स्वतः जाते त्याच्याकडे. दारात बसते. मला लाज नाही, मी म्हातारी आहे."

त्या खरंच गेल्या असत्या. बसल्या असत्या, आणि पाच मिनिटांत शेटना कळलं असतं की आपण हे पत्र ऐकलेलंच नाही. मी म्हणाले, "नका जाऊ, बाई. शेट चिडले तर या बायकांचे गठ्ठे बंद करतील."

त्या मुलींचं काम जाईल एवढंच म्हटलं की बाई थांबणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी ते म्हटलं. त्या थांबल्या. खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तू तिथे आहेस, तुला जास्त कळतं."

त्या पत्राबद्दल त्या मला पुढे कधी काही बोलल्या नाहीत. उलट आमच्याकडे येत राहिल्या, आजोबांचा चहा घेत राहिल्या. वर्गात चौघी राहिल्या, मग दोघी. एका उन्हाळ्यात त्यांनी खोली सोडली आणि नंदुरबारला भाचीकडे गेल्या. निघताना मी स्टेशनवर गेले होते. त्या गाडीत बसून शेजारच्या प्रवाशाला विचारत होत्या, घरी भाकरी कोण करतं म्हणून. तिथून पोस्टकार्डं यायची. प्रत्येकात विचारलेलं असायचं, लता काय करते? मी लिहायचे, बरी आहे. मी डिंडोलीला जाणं सोडलं होतं. लता काय करत होती हे मला माहीत नव्हतं.

तुमच्या ऑफिसांत आता बायकांच्या स्वातंत्र्यावर व्याख्यानं होतात, असं तुम्ही सांगता. मला त्यातलं फारसं कळत नाही. मला एवढं कळतं, की एका बाईने दहा मिनिटं रिकामी करून दिली होती. आम्ही तिची खुर्ची घेतली आणि ती दहा मिनिटं मागे ठेवली. यात कोणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांत दुष्टपणाच्या जवळ मी गेले, आणि तेही शुद्ध इंग्रजीत.

मी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात छोटा समारंभ झाला. बाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेट म्हातारे झाले होते, गोष्टींत रमायचे. फरसाणाची बशी माझ्याकडे करत त्यांनीच विषय काढला. खोका घेऊन आलेली ती तुमची मास्तरीण, बहु जबरी बाई हती, पुन्हा कधी आली नाही. काय हवं होतं तिला?

मी सांगितलं. गठ्ठे शनिवारऐवजी शुक्रवारी हवे होते, बायकांना रविवार मोकळा मिळावा म्हणून.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे खरोखर नवलाने पाहिलं. "एटलुं ज?" ते म्हणाले. एवढंच? "शुक्रवारे आपी देत. एमां शुं? पण कोईए कीधुं ज नहीं."

शुक्रवारी दिले असते. त्यात काय. पण कोणी सांगितलंच नाही.

मी त्यांना म्हटलं, हो, कोणी सांगितलं नाही.